घरात कोण किती वीज खातंय? मीटरच्या लाल दिव्याला विचारा

‘चार्जर सॉकेटमध्ये तसाच ठेवता? महिन्याचा फटका ऐकून थक्क व्हाल.’ ‘ही डबी लावा, बिल निम्मं करा.’ ‘नवे मीटर दुप्पट पळतात.’ उन्हाळा लागला की असल्या बातम्यांना ऊत येतो. मी साताऱ्यात एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधला असा प्रत्येक मेसेज ‘मॅडम, हे खरं का हो?’ अशी शेपटी लावून माझ्याकडे येतो. मी खरं-खोटं सांगत बसत नाही. विचारणाऱ्याला जिन्याखाली मीटरपाशी घेऊन जाते. तुमच्या घरातलं सगळ्यांत अचूक मोजमापाचं यंत्र तिथे भिंतीला टांगलेलं आहे, आणि त्याच्याच आकड्यावरून तुम्ही दर महिन्याला पैसे भरताय. ते वाचायचं कसं, तेवढं खाली लिहिते. लागणाऱ्या वस्तू: मोबाइल, कागद, पेन आणि घरात थांबून स्विच दाबायला एक माणूस.

आधी आपला मीटर कोणता, ते पक्कं करा

हसू नका. मीटरच्या खोलीत प्रत्येक मीटरखाली ऑइलपेंटने फ्लॅट नंबर लिहिलेला असतो, आणि तो लिहिणाऱ्याने कुठून कुठे मोजत आणलं हे तोच जाणे. बिलावर मीटर क्रमांक छापलेला असतो, तो मीटरवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. मग वर फोन करून गीझर लावायला सांगा. ज्या मीटरचा दिवा एकदम तडतडायला लागेल तो तुमचा. क्रमांक एका मीटरवर जुळतोय आणि तडतडतोय भलताच, असं झालं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी वीज कंपनीत लेखी अर्ज द्या.

हात कशालाही लावायचा नाही. सील, वायर, झाकण यांच्याशी आपलं काही काम नाही, काम फक्त डोळ्यांचं. डिस्प्ले पुढे सरकवायचं बटण असेल तर तेवढं दाबायला हरकत नाही. आणि वरती मेन बंद करायची वेळ आली तर आधी घरात विचारा. कुणी नेब्युलायझर घेतंय, कुणाचा ऑनलाइन पेपर चालू आहे, हे मीटरच्या खोलीत उभं राहून कळत नाही.

घरी इन्व्हर्टर असेल तर एक खबरदारी जास्तीची. मेन बंद केलं की इन्व्हर्टर घर चालवायला लागतो, आणि मेन परत चालू केलं की बॅटरी भरायला सुरुवात होते. ते चार्जिंग शंभर-दोनशे वॅट सहज खातं आणि तासन् तास चालतं. तुम्ही पंखा मोजायला जाल आणि आकडा येईल बॅटरीचा. म्हणून मोजायच्या दिवशी बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या आणि मोजणी चालू असताना मेन बंद करू नका.

लाल दिवा आणि त्याशेजारचा आकडा

इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल दिवा मधूनमधून ब्लिंक होत असतो. त्याच्याजवळ किंवा नेमप्लेटवर इंग्रजीत ‘इम्प/केडब्ल्यूएच’ असं लिहून एक आकडा छापलेला असतो. आपल्याकडे बऱ्याच सिंगल फेज मीटरवर तो ३२०० दिसतो. काहींवर १६००, काहींवर ६४००. याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा ब्लिंक झाला की एक युनिट संपलं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, १००० वॅटची वस्तू तासभर चालवली की होतं ते.

तासात ३६०० सेकंद. तेव्हा ३६,००,००० भागिले तुमच्या मीटरवरचा आकडा, हे भागाकाराचं उत्तर एकदाच काढून मीटरचा फोटो जिथे सेव्ह केलाय तिथे लिहून ठेवा. ३२०० साठी ते ११२५ येतं, १६०० साठी २२५०, ६४०० साठी ५६२.५. मग दर वेळी एवढंच:

वॅट = ११२५ × ब्लिंक ÷ सेकंद

दहा ब्लिंकना ७५ सेकंद लागले तर ११२५ × १० ÷ ७५, म्हणजे १५० वॅट. झालं.

मोजताना एक गोष्ट सांभाळा. स्टॉपवॉच ज्या ब्लिंकला सुरू केलं, त्याला ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हणून सुरुवात केली तर दहाच्या जागी नऊच मोजले जातात आणि उत्तर दहा टक्क्यांहून जास्त फुगतं. लॅबमध्ये लंबकाच्या प्रयोगाला अकरावीची पोरं दर वर्षी न चुकता हेच करतात. दिवा फार भराभर ब्लिंक होत असेल तर डोळ्यांनी मोजायच्या भानगडीत पडू नका. मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि घरी चहा घेत सावकाश मोजा.

काही मीटरमध्ये बटण दाबत गेलं की व्होल्टेज, करंट आणि त्या क्षणाचा किलोवॅटचा आकडाही येतो. येत असेल तर उत्तमच, पण बारीक वस्तूंना तो आकडा उपयोगाचा नाही, तिथे ब्लिंकच बरा. सॉकेटमध्ये लावायचे मोजणी प्लगही बाजारात मिळतात. ते सोयीचे आहेत, मात्र छताच्या पंख्याला आणि गीझरच्या थेट जोडणीला लावता येत नाहीत, आणि बिल काही त्या प्लगवरून येत नाही.

पहिलं मोजमाप: काहीच चालू नसताना

घरातले दिवे, पंखे, टीव्ही नेहमीसारखे बंद करा, म्हणजे रात्री झोपताना करता तसे. फ्रिजचा स्विच मात्र तेवढ्यापुरता बंद. मेन चालूच ठेवा. आता खाली जाऊन दिवा बघत बसा. पहिल्यांदा वाटतं, बंद पडलाय की काय. मिनिटभराने एक ब्लिंक होतो. पुन्हा शांत. दोन ब्लिंकमध्ये ५६ सेकंद गेले असतील तर घर ‘काहीच न करता’ २० वॅट खातंय. भार स्थिर असेल तर एका ब्लिंकपासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ पुरतो, दहा मोजायची गरज नाही.

हे २० वॅट कुणाचे? वायफायचा राउटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वॉटर प्युरिफायर, मायक्रोवेव्हचं घड्याळ. एकेकाचं बटण भिंतीवर बंद करत जा आणि दोन ब्लिंकमधलं अंतर किती वाढतं ते बघा. इथे एक मेख आहे. अगदी बारीक भार मीटरने मोजलाच पाहिजे अशी सक्ती मीटरच्या मानकात नाही. ठराविक करंटच्या खाली तो गप्प बसला तरी चालतं, आणि तो करंट काही वॅटच्या भाराएवढा असतो. म्हणून बारीक वस्तू एकटी कधी मोजू नका. ९ वॅटचा एलईडी बल्ब लावून ठेवा, तो एकटा किती खातो ते मोजा, मग त्याच्या जोडीला ती वस्तू लावा आणि वजाबाकी करा.

आमच्या सेट-टॉप बॉक्सची गोष्ट अशी निघाली. नुसता बल्ब: १२५ सेकंदांना एक ब्लिंक, म्हणजे ९ वॅट. बल्ब आणि चालू बॉक्स: ५४ सेकंद, म्हणजे सुमारे २१ वॅट. मग रिमोटने बॉक्स ‘बंद’ केला. हिरव्या दिव्याचा लाल झाला. खाली किती? ५७ सेकंद. म्हणजे बॉक्स चालू असताना १२ वॅट खातो आणि झोपल्यावर ११. रिमोटने टीव्हीकडे जाणारं चित्र तेवढं थांबतं, आतलं सगळं जागंच असतं. ११ वॅट दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३६५ दिवस: ९६ युनिटं. सगळेच बॉक्स इतके खादाड नसतात, तुमचा मोजून बघा. आमच्याकडे आता तो रात्री भिंतीवरच्या बटणाने बंद होतो. सकाळी चॅनल यायला दीड-दोन मिनिटं लागतात, त्याबद्दल सासूबाईंची तक्रार अजून चालू आहे.

आता चार्जरची बातमी याच मापात बसवू. मोबाइल न लावता सॉकेटमध्ये नुसता ठेवलेला आजचा चांगला चार्जर ०.१ वॅटच्या आसपास घेतो. युरोपीय संघात २०२० पासून लहान चार्जरना तेवढीच मर्यादा आहे. ०.१ वॅट वर्षभर म्हणजे ०.८८ युनिट. वर्षभरात एक युनिटही नाही! तुमचा मीटर तर बहुतेक ते मोजणारही नाही. मोबाइल रोज भरायचा खर्च काढायचा तर ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात, वाया जाणारं धरून २५ म्हणा. वर्षाला ९ युनिटं. चार्जर जरूर काढून ठेवा, विजा कडाडताना तर नक्कीच. पण बचतीसाठी चार्जर उपसणाऱ्याने आधी टीव्हीच्या मागे हात घालावा.

पंखा हळू केला तर वीज वाचते का?

हा प्रश्न मला बातम्यांपेक्षा जास्त वेळा विचारला जातो, आणि उत्तर भिंतीवरच्या रेग्युलेटरवर आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून एक पंखा लावा. आमचा जुना पंखा पाचवर: दहा ब्लिंकना १५० सेकंद, म्हणजे ७५ वॅट. त्या खोलीत अजून जुना, डबा-साइजचा, हात लावला तर कोमट लागणारा रेग्युलेटर आहे. दोनवर आणला तर दहा ब्लिंकना २०५ सेकंद. ५५ वॅट. वारा निम्म्याहून कमी झाला आणि वीज पाव हिश्शानेच. बाकीची वीज त्या डब्यात उष्णता होऊन भिंत गरम करते.

हॉलमध्ये तसलाच पंखा आहे, पण रेग्युलेटर नवा, स्विचबोर्डात बसणारा. पाचवर तेच १५० सेकंद. दोनवर ४५०. म्हणजे २५ वॅट. सारखाच पंखा, सारखाच वारा आणि निम्म्याहून कमी वीज. रेग्युलेटर बदलायला वायरमनला दहा मिनिटं पुरतात. घरात डबा-रेग्युलेटर असेल आणि पंखा बहुतेक वेळ हळू चालत असेल, तर या लेखातला सगळ्यांत स्वस्त उपाय हाच.

बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या पंख्यांच्या जाहिराती खोट्या नाहीत. पूर्ण वेगाला ते २८ ते ३५ वॅटमध्ये चालतात. दिवसाला १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर जुना ७५ वॅटचा पंखा २७० युनिटं खातो, ३० वॅटचा १०८. फरक १६२ युनिटांचा. मात्र पाहुण्यांच्या खोलीतला, दिवाळीला आणि गणपतीला फिरणारा पंखा बदलून काही वाचत नाही. जो सगळ्यांत जास्त फिरतो तो आधी.

बिल निम्मं करणारी डबी

सॉकेटमध्ये लावायची, हिरवा दिवा असलेली छोटी डबी. आमच्याकडे ती सासूबाईंनी आठवडी बाजारातून आणली. ‘अगं, दिवा लागतोय म्हणजे काम करतेय ना?’ हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, मोजू या की, त्यात काय.

पंखा पाचवर, बाकी सगळं बंद. डबीशिवाय दहा ब्लिंकना १५० सेकंद. डबी लावून पुन्हा. तुम्हीही हेच करा, आणि आकडा दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या, आणणाऱ्याकडून नको. सेकंद वाढले तर डबी खरी. आमचे वाढले नाहीत.

विकणारा दाखवतो ते मात्र हातचलाखी नसतं, म्हणूनच शिकली-सवरली माणसं फसतात. त्याच्या टेबलावर जुन्या चोकची ट्यूबलाइट किंवा छोटी मोटर असते आणि वायरला क्लॅम्प मीटर, म्हणजे करंट मोजणारा चिमटा, लावलेला असतो. डबी लावली की अँपिअर खरोखर उतरतात. डबीत एक कपॅसिटर असतो. चोक आणि मोटर जी जास्तीची करंट लाइनमधून ओढून परत लाइनलाच देतात, ती तो जागच्या जागी पुरवतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा हिस्सा, सुधारतो. कारखान्यांना यासाठीच कपॅसिटर बसवावे लागतात, कारण त्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशेब असतो. घरगुती मीटर युनिटांत ती येणारी-जाणारी करंट धरतच नाही. तो मोजतो खरी खर्च झालेली वीज, आणि ती डबीने तसूभरही बदलत नाही. आमची डबी नाइट लॅम्प म्हणून देवघरात लागलीय.

‘नवा मीटर पळतो’ याची तपासणी

स्मार्ट मीटर बसायला लागल्यापासून हा वाद घरोघरी आहे. दोन्ही बाजूंनी आवाज मोठा आणि मोजमाप शून्य. घरच्या घरी तुम्हाला दोन-तीन टक्क्यांची चूक पकडता येणार नाही, पण ‘दुप्पट पळतो’ हे नक्की तपासता येतं.

त्यासाठी गीझर उत्तम. २००० वॅटचा १५ लिटरचा घ्या, आणि पाणी थंडगार असताना, म्हणजे आदल्या रात्रीपासून बंद असताना मोजा, नाहीतर मध्येच थर्मोस्टॅट वीज तोडेल. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला ०.६१ युनिट लागतं, म्हणजे २००० वॅटला अठरा-एकोणीस मिनिटं. तेवढ्या वेळात निवांत मोजून होतं. इस्त्री घेऊ नका, ती मिनिटागणिक चालू-बंद होते.

आता महत्त्वाचं म्हणजे व्होल्टेज. गीझरवर २००० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. व्होल्टेज कमी असेल तर वॅट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतात. गीझर चालू असताना मीटरच्या डिस्प्लेवर २१५ दिसलं, तर २१५ ला २३० ने भागा, त्याचा वर्ग करा आणि २००० ने गुणा. उत्तर १७४८ वॅट. ३२०० च्या मीटरवर १०० ब्लिंकना सुमारे ६४ सेकंद लागायला हवेत. हा झाला अपेक्षित आकडा. तापवणाऱ्या उपकरणांना लिहिलेल्या वॅटपेक्षा पाच टक्के जास्त किंवा दहा टक्के कमी असण्याची मुभा मानकातच आहे, तेव्हा ६१ ते ७१ सेकंदांमध्ये काहीही आलं तर मीटरवर आळ घेऊ नका. ४५ सेकंदांत शंभर झाले, तेही बाकी सगळं बंद असताना, तर फोटो, व्हिडिओ आणि हिशेब घेऊन वीज कंपनीत जा. फी भरून मीटर तपासून मागता येतो, तो आपला हक्क आहे.

जोडीला आणखी एक तपासणी करा: दिवा आणि आकडा एकमेकांशी खरं बोलतात का? डिस्प्लेवरचं युनिट ०.१ ने पुढे जायला ३२० ब्लिंक लागले पाहिजेत. गीझर चालू असताना याला साडेतीन मिनिटं पुरतात.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा मीटर या परीक्षेत पास झाला आणि काका नाराज झाले. मग आम्ही बिलं काढून बसलो. नव्या मीटरचं पहिलं बिल मे महिन्याचं होतं. आधीचा मीटर चकती फिरणारा होता. जुन्या चकत्या झिजून मंद होतात आणि राउटरएवढ्या भाराला कित्येकदा हलतही नाहीत. शिवाय युनिटं ३०० च्या वर गेली होती. महावितरणच्या घरगुती दरात १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे टप्पे आहेत, आणि वरच्या टप्प्यातल्या युनिटांना वरचा दर लागतो. युनिटं थोडी वाढली तरी रुपये जास्त वाढतात ते यामुळे.

याच कारणाने ‘आमच्याकडे वीज अमुक रुपये युनिट’ असं सरसकट म्हणू नका. एखादी वस्तू बंद करून किती वाचेल हे काढायचं तर तुमच्या बिलातल्या सगळ्यांत वरच्या टप्प्याचा वीज आकार घ्या, त्यात वहन आकार आणि असेल तर इंधन समायोजन आकार मिळवा, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. समजा बेरीज १२ रुपये आली, तर वाचलेल्या युनिटामागे १३ रुपये ९२ पैसे वाचतात. स्थिर आकार यात धरू नका, तो पंखा बंद केला म्हणून कमी होत नाही.

फ्रिज: इथे ब्लिंक पुरत नाहीत

फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना मोजाल तर शंभर-सव्वाशे वॅट येतील. पण तो दिवसभर सलग चालत नाही, त्यामुळे त्या आकड्याला २४ ने गुणणं चूक. इथे रात्रभराचं रीडिंग घ्यायचं. झोपायच्या आधी ११ वाजता डिस्प्लेचा फोटो, सकाळी ६ ला कुणी गीझर लावायच्या आत दुसरा. समजा फरक १.४० युनिट. दोन पंखे पाचवर सात तास: १.०५. मघाशी काढलेले ‘काहीच न करता’चे २० वॅट: ०.१४. उरले ०.२१ युनिट, म्हणजे सरासरी ३० वॅट, वर्षाला साधारण २६० युनिटं. हे फ्रिजवरच्या स्टार लेबलशी ताडून बघा, वर्षाची युनिटं तिथे छापलेली असतात.

डिस्प्लेवर दशांशानंतर एकच आकडा येत असेल तर एका रात्रीच्या उत्तरावर काही ठरवू नका, आठवडाभराची सरासरी घ्या. गावाला जाताना बाकी सगळं बंद करून फोटो काढून गेलात तर आकडा जास्त स्वच्छ मिळेल, फक्त तो दार न उघडलेल्या फ्रिजचा असेल. आणि लेबलवरचं वर्ष बघायला विसरू नका. स्टारचे निकष काळाबरोबर कडक होत जातात, जुन्या फ्रिजवरचे पाच स्टार आज दुकानात पाच राहिलेले नसतात.

एसीचंही तसंच, रात्रभराचंच रीडिंग. साताऱ्यात आम्हाला एसीवाचून अडत नाही, पण सोलापूरच्या मावसबहिणीला अडतं. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी नव्या एसींना २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचं बोलून दाखवलं, तेव्हा तिच्याकडे बरीच आदळआपट झाली. स्टार लेबलच्या एसींना सुरू होताना २४ अंश दाखवणं १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहेच. एक अंश वाढवला की ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. तिला म्हटलं, भांडू नका, साधारण सारख्या उकाड्याच्या दोन रात्री घ्या, एक २२ वर, एक २६ वर, पंखा दोन्ही रात्री सारखाच. तिच्याकडे ५.१ आणि ३.६ युनिटं आली. पहिला अर्धा तास इन्व्हर्टर एसी पूर्ण जोराने चालतो, तेवढ्यात ब्लिंक मोजून निष्कर्ष काढू नका.

दुसरा दिवा लागलेला दिसला तर

लाल ब्लिंक बघताना शेजारी ‘ईएल’ लिहिलेला आणखी एक दिवा, किंवा डिस्प्लेवर तशी खूण, दिसेल. ती सतत दिसत असेल तर तिकडे दुर्लक्ष नको. फेजमधून जाणारी आणि न्यूट्रलमधून परत येणारी करंट सारखी नाही, असा त्याचा अर्थ. आपले मीटर चोरी पकडण्यासाठी दोन्ही मोजतात आणि जास्त असेल ती धरतात, त्यामुळे हा घोळ थेट बिलात उतरतो. जुन्या इमारतींत दोन फ्लॅटचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले असतात, मग शेजाऱ्याचा गीझर तुमचा मीटर पळवतो. किंवा ओलीने, नाहीतर गीझरची कॉइल फुटून, करंट अर्थिंगला जात असते. ते बिलापेक्षा जिवाला जास्त वाईट.

शोधायची रीत अशी: एक माणूस खाली मीटरपाशी, दुसरा वर डीबीपाशी, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या डब्यापाशी, दोघं फोनवर. त्या डब्यातला एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचा वेगळा स्विच, खाली पाडत जा. ज्याला ‘ईएल’ विझेल त्या लाइनमध्ये दोष. सगळे पाडले, मेनही पाडलं, इन्व्हर्टरही बंद आहे, आणि तरी लाल दिवा ब्लिंक होतोय, तर गडबड बहुधा मीटर आणि घर यांच्या मधल्या वायरमध्ये आहे, कुणीतरी तिथून लाइन घेतलेलीही असू शकते. ते आपण उकरायचं नाही, कंपनीच्या माणसाला बोलवायचं. दोष घरातल्या लाइनचा निघाला तर लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. गीझरची लाइन निघाली तर वायरमन येईपर्यंत तो एमसीबी खालीच राहू द्या आणि आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा.